वास्तुसल्ला : जुने घर विकण्यापूर्वी किती खर्च करावा?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच आहे. पेठेत जुने घर आहे, मुलेबाळे पुण्याला किंवा हैदराबादला स्थायिक झाली आहेत, घर विकायचे ठरले आहे आणि विकण्यापूर्वी त्याची दुरुस्ती करावी का, केल्यास किती, हे कोणी नीट सांगत नाही. त्यांतील पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण सोलापूरच्या जुन्या घरांचे बहुतेक सारे दुखणे त्या एका घरात आहे.

प्रश्न : शुक्रवार पेठेत आमचे १३५० चौरस फूट जागेवरील घर आहे. वडिलांनी ते १९६२ साली स्वतःच्या कमाईतून विकत घेतले. पुढचा भाग दगड-मातीच्या भिंतींचा आणि माळवदाचा (लाकडी तुळयांवरील मातीच्या सपाट छताचा) असून मागे १९८४ साली स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या आहेत. वडिलांचे २००९ मध्ये व आईचे २०१९ मध्ये निधन झाले. मी पुण्यात असतो; दोन बहिणी आहेत, एक सोलापुरात व एक अक्कलकोटला. घर पाच वर्षे बंद आहे. एजंटच्या मते ते आहे तसे ६२ लाखांना जाईल; मात्र साडेआठ लाख खर्चून फॉल्स सीलिंग, व्हिट्रिफाइड फरशी, पुट्टी आणि रंग केल्यास ७५ लाख मिळतील. भिंतींना खालून ओल आहे, ती वॉटरप्रूफ पुट्टीने झाकली जाईल असेही तो म्हणतो. हा खर्च करावा का?

उत्तर : आपण हा खर्च करू नये. थोडा खर्च अवश्य करावा, परंतु तो वेगळ्या ठिकाणी.

आधी हिशेब पाहू. ६२ चे ७५ झाले म्हणजे १३ लाख वाढले. त्यातून साडेआठ लाख वजा जाता साडेचार लाख उरतात. पुट्टी, रंग, डागडुजी हा दुरुस्तीचा खर्च समजला जातो, आणि भांडवली नफा काढताना केवळ भांडवली स्वरूपाची भर किंवा फेरबदल म्हणजेच सुधारणेचा खर्च वजा करता येतो. हा सगळा खर्च अमान्य झाला असे धरल्यास वाढीव १३ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी, उपकर सोडून, १ लाख ६२ हजार ५०० रुपये कर जाईल. तिघा भावंडांत वाटणी झाल्यावर प्रत्येकाच्या हाती लाखाच्याही आत रक्कम पडते, आणि तीही ७५ लाखांचे गिऱ्हाईक खरोखर आले तरच. ते न आल्यास साडेआठ लाख आपल्या खिशातून गेलेले असतात.

ते गिऱ्हाईक येईल का, हे घर कोण घेणार यावर ठरते. पेठेतील अशा जागेकडे दोन प्रकारचे लोक येतात. काही जण जागा पाहतात. त्यांना घर पाडून नवे बांधायचे असते, त्यामुळे ते दर्शनी रुंदी, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि रस्ता रुंदीकरणाची रेषा मिळकतीवरून जाते का एवढेच विचारतात. आपल्या फरशीचा आणि छताचा त्यांना उपयोग शून्य. दुसरे म्हणजे खरोखर राहायला येणारे कुटुंब, ज्याला बाजार, मंदिर, शाळा पायी अंतरावर हवी असते. त्यामुळे रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास योजनेचा भाग नकाशा काढावा. जुनी वास्तू उभी आहे तोवर रुंदीकरणाची रेषा कोणाला टोचत नाही. पाडून बांधायला घेतले की मात्र बांधकाम त्या रेषेच्या मागे न्यावे लागते. समोरचे पाच-सहा फूट त्यात जात असतील, तर जागा पाहणारा माणूस तेवढी जागा मनातल्या मनात वजा करूनच भाव सांगतो, आणि तो भाव का पडला हे आपल्याला कळत नाही.

आता माळवद. ज्यांनी असे घर वापरले आहे त्यांना ठाऊक असते की मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकण्याचा प्रघात होता. गळती थांबत असे, पण जुनी माती कोणी उतरवत नसे. पाच-सहा दशकांत हा थर सहज फूटभर जाड होतो. एक घनफूट कोरडी माती साधारण ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे २० फूट बाय १२ फुटांच्या एका खोलीवर अकरा टनांच्या आसपास माती बसलेली असते, आणि पाऊस मुरल्यावर त्याहूनही अधिक. हे ओझे ज्या तुळया पेलतात त्यांची टोके भिंतीत गाडलेली असतात. तेथे हवा लागत नाही, ओल मात्र पोहोचते. तुळई मध्यभागी वाजवली तर खणखणीत आवाज येतो आणि टोकाला तिचा भुसा झालेला असतो.

काही वर्षांपूर्वी एका खरेदीदाराच्या वतीने मी असेच एक घर तपासले. फॉल्स सीलिंग नवे कोरे होते, रंगाचा वासही गेला नव्हता. कोपऱ्यातील दिव्याचे गोल झाकण काढून टॉर्च वर धरला, तेव्हा तुळई भिंतीत शिरते त्या ठिकाणी लाकडावर वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या. शिडीवरून हात घालून पेचकस टोचला, तो दांड्यापर्यंत आत गेला. खरेदीदाराने त्याच दिवशी बोलणी थांबवली. विकणाऱ्या गृहस्थांनी ते छत तीन महिन्यांपूर्वी बसवून घेतले होते आणि त्यावरची तुळई कधी पाहिलीच नव्हती. ठेकेदाराने ती पाहून झाकली होती. त्या गृहस्थांचा चेहरा मला आजही आठवतो. म्हणून आपल्याला माझी कळकळीची विनंती आहे की, माळवदाखाली छत बसवू नये. उलट सर्व तुळयांची टोके उघडी करून दाखवण्याजोगी ठेवावीत.

भिंतींचेही तसेच. आपल्या भागातील दगड-मातीची भिंत दोन पदरी असते; बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड, मध्ये भर. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड पुरेसे नसतील, तर पदर सुटतात आणि भिंतीला पोट येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी घरे कोसळली, ती मोठ्या संख्येने अशीच होती : जाड दगडी भिंती, चिखलाचा सांधा आणि वर माळवदाचा भार. लातूर-धाराशिवचा तो भाग आपल्याला लागून आहे, त्यामुळे हे केवळ पुस्तकी बोलणे नव्हे. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडावा आणि दोरीपासून भिंतीचे अंतर वर, मध्ये व खाली मोजून लिहून ठेवावे. मध्ये अंतर कमी भरले, म्हणजे भिंतीने पोट काढले आहे. तशा भिंतीचा निर्णय स्थापत्य अभियंत्याने जागेवर येऊनच घ्यावा, पत्रातून नव्हे. तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी ही महापालिका कायद्याचीही अपेक्षा आहे. तो अहवाल करून घेतलात, तर विकताना तोच आपला सर्वांत उपयोगी कागद ठरतो.

ओलीबद्दल एजंटने दिलेला सल्ला सर्वांत घातक आहे. पेठांमध्ये गल्लीचा रस्ता थरावर थर चढत वर आला आणि घरांची जोती खाली राहिली. पावसाचे पाणी भिंतीच्या पायाशी थांबते आणि माती-चुन्याचा सांधा ते वर ओढतो. पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडून वाळत असे. मग कोणीतरी वरून सिमेंटचा गिलावा केला, ओलीची वाट बंद झाली आणि ती आणखी वर चढली. जमिनीतील क्षार तिच्याबरोबर येतात, लोणा लागतो, पोपडे सुटतात. त्यावर वॉटरप्रूफ पुट्टी भरल्यास फार तर एक पावसाळा निघेल. ओल कोठून येते हे पाहण्यासाठी भिंतीवर हातभर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतून येत आहे. अशा वेळी ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढून टाकावा, पायाशी साचणाऱ्या पाण्याला उतार करून द्यावा, भिंत उन्हाळाभर मोकळी वाळू द्यावी आणि मगच चुन्याचा गिलावा करावा. सोलापूरचा उन्हाळा एरवी आपल्याला नको असतो. या एका कामात तो फुकटचा मजूर आहे. मात्र गिलावा स्वतः एप्रिल-मेमध्ये करू नये, तो भराभर वाळून तडकतो. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ त्यासाठी चांगला, आणि तेव्हाही रोज पाणी मारावेच लागते.

झाकाझाकीला कायद्याचीही बाजू आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार मिळकतीतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे आणि खरेदीदाराला साध्या तपासणीत कळणार नाही, तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ओल आपल्याला ठाऊक आहे. आपण ती या पत्रात लिहिली आहे. ती पुट्टीखाली दडवून विकणे म्हणजे पुढच्या पाच वर्षांची नोटीस स्वतःच्या पत्त्यावर मागवून घेणे आहे. आणि नोटीस न येता सुद्धा, ज्या भिंतीलगत कोणाचे तरी लहान मूल झोपणार आहे तिच्याविषयी गप्प बसावे असे मला वाटत नाही.

मग खर्च कशावर करावा? माळवदावरील जादा माती उतरवावी. ती उतरवताना सर्व खणांवर सारख्या थराने काढावी आणि पाटीने लगेच खाली न्यावी. गवंडी बऱ्याचदा एका कोपऱ्यात ढीग घालतात, आणि नेमक्या त्या तुळईवर दुप्पट भार येतो. कुजलेली टोके असतील तेथे तुळईखाली खांब किंवा लोखंडी आधार द्यावा. मागच्या १९८४ च्या स्लॅबवर खालून हातोडीने हलके ठोकत जावे. बद्द आवाज येतो तेथे आतली सळई गंजून सिमेंट सुटलेले असते. तो भाग काढून सळई साफ करून दुरुस्त करावा आणि वर गच्चीला कोबा करावा. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग पूर्ण बदलावी, अर्थिंग नवे करावे व ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात घर पाहायला येणारी गृहिणी स्वयंपाकघराच्या आधी हौद केवढा आहे हे विचारते. हौद रिकामा करून, घासून, गळती नाही हे भरून दाखवावे आणि गंजलेली लोखंडी पाइपलाइन बदलावी. सागवानी दारे, खांब, कोनाडे यांवर ऑइलपेंट फासू नये, नुसते घासून तेलपाणी करावे. हे सारे आपल्या अंदाजपत्रकाच्या तिसऱ्या हिश्श्यात बसावे. जागा पाहणारा आला तर यातील थोडेच वाया जाईल, आणि राहायला येणारा आला तर हेच तो मोजेल.

याहून महत्त्वाचे काम कागदांचे आहे आणि त्याला फारसा खर्च नाही. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढून पाहावी; पुष्कळ घरांवर ती अद्याप वडिलांच्याच नावाने असते. आपल्या वडिलांनी घर स्वतः घेतलेले होते आणि आपण मृत्युपत्राचा उल्लेख केलेला नाही, तेव्हा त्यांच्या मागे पत्नी व तिन्ही अपत्ये समान वारस झाली, आणि आईच्या मागे तिचा हिस्सा पुन्हा तिघांना आला. म्हणजे आज प्रत्येकी एक-तृतीयांश. वारसनोंद करून घ्यावी. बहिणींकडून हक्कसोडपत्र घ्यावे का, असा विचार मनात असेल तर त्याची गरजच नाही. रक्कम तिघांत वाटायची आहे, मग तिघांनी खरेदीखतावर विक्रेते म्हणून सह्या कराव्यात. ते स्वच्छही आहे आणि न्याय्यही. बहिणींची सही नसलेले खरेदीखत केवळ आपल्या तिसऱ्या हिश्श्यापुरते चालेल, आणि कोणतीही बँक त्यावर कर्ज देणार नाही. मिळकतकराची थकबाकी, पाणीपट्टी आणि १९८४ च्या खोल्यांचा मंजूर नकाशा हेही शोधून ठेवावे. नकाशा सापडत नसेल, तर तेही खरेदीदाराला सुरुवातीसच सांगावे.

करासंबंधी थोडक्यात सांगतो. वारसाने आलेल्या घराला वडिलांच्या मालकीचा काळ धरला जातो, त्यामुळे नफा दीर्घकालीन ठरतो. १९६२ च्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चे रास्त बाजारमूल्य धरता येते, मात्र ते त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यांकनापेक्षा अधिक धरता येत नाही. १९८४ च्या खोल्या त्याच मूल्यात आल्या, त्यांचा खर्च वेगळा मिळत नाही. तेवढ्यासाठी शासनमान्य मूल्यनिर्धारकाचा अहवाल घ्यावा. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के किंवा निर्देशांकासह वीस टक्के, यांपैकी जो कर कमी येईल तो भरता येतो. तिघांनी आपापला हिशेब स्वतंत्र करावा. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असल्याने खरेदीदार एक टक्का कर कापून भरेल. त्याचे प्रमाणपत्र प्रत्येकाने मागून घ्यावे.

प्रश्न : अशोक चौक परिसरात आमचे दुमजली घर आहे. खाली चार यंत्रमाग होते, ते गेल्या वर्षी विकले. आता खालचा मजला राहण्याजोगा करून घर विकण्याचा विचार आहे. भिंतींना तिरक्या भेगा आहेत. मिस्त्री म्हणतो, मागाच्या हादऱ्याने पडल्या, भरून टाकू. जुन्या शहाबादीवरच टाइल्स बसवल्या तर चालतील का?

उत्तर : मागाच्या हादऱ्याने भेगा पडतात हे खरे आहे, आणि तसे असेल तर माग निघाल्यावर त्या वाढणार नाहीत. पण तिरकी भेग पाया खचल्यानेही पडते, विशेषतः खाली काळी माती असेल तर, कारण ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. दोन्हींतला फरक भेग पाहून सांगता येत नाही, काळच सांगतो. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करावी आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहावी. निदान एक पावसाळा जाऊ द्यावा. काच शाबूत राहिली तर भेग जुनी, ती भरून टाकावी. काच तडकली तर पाया हलतो आहे, आणि मग भेग बुजवणे निरर्थक आहे. आपल्याला घाई असेल, पण हे एक निरीक्षण घाईत होत नाही.

शहाबादीवर टाइल्स बसवू नयेत. मागाखालच्या फरशीत आणि तिच्या सांध्यांत वर्षानुवर्षांचे वंगण मुरलेले असते, त्यावर सिमेंट किंवा चिकटद्रव धरत नाही. फरशी उचलावीच लागेल, आणि ती उचलल्यावर खालची जमीन नीट पाहावी. आपल्या भागातील अनेक घरांत यंत्रमागाच्या आधी हातमाग होते, आणि खड्डामागाचे खड्डे पुढे राडारोडा टाकून कसेबसे बुजवले गेले. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. माग कोणत्या खिडकीखाली होता हे त्यांना बरोबर आठवते. तेथे पहार टोचून पाहावी. ती सहज खाली गेली, तर सगळी भर काढून मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर पाणी मारत धुमसाने कुटून भरावेत. हे न केल्यास नव्या फरशीत वर्षभरात परातीएवढा खोलगट भाग तयार होतो.

तुळयांवर आणि माळ्यावर सुताची पिंज साचलेली असते, ती जुन्या वायरींभोवती राहू देऊ नये. ठिणगी पडायला तेवढी पुरते. वीजजोडणी औद्योगिक वर्गवारीतून घरगुती करून घ्यावी व मिळकतकर आकारणीत बिगरनिवासी वापराची नोंद बदलून घ्यावी. या दोन नोंदी तशाच राहिल्या, तर खरेदीदाराच्या बँकेला ते घर कारखाना दिसते.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो, वय ३१. जुनी घरे घेऊन, सहा महिन्यांत नूतनीकरण करून विकण्याचा व्यवसाय करायचा आहे. भांडवल कमी असल्याने साठेखतावर, म्हणजे नुसत्या विक्रीच्या करारावर, घर ताब्यात घेऊन, दुरुस्त करून थेट पुढच्या गिऱ्हाइकाला विकावे असा एका मित्राचा सल्ला आहे.

उत्तर : मित्राचा सल्ला मानू नये. साठेखताने मालकी मिळत नाही, आणि कुलमुखत्यारपत्रावर होणाऱ्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. दुसऱ्याच्या नावावरील घरात आपण पाच-सात लाख ओतले आणि मूळ मालकाचे मन फिरले किंवा त्याचा एखादा वारस उभा राहिला, तर हाती दाव्याखेरीज काही उरत नाही.

रीतसर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क (एक टक्का, कमाल ३०,००० रुपये) आपण भरता, आणि पुढचा खरेदीदार तेच पुन्हा भरतो. तो स्वतःच्या खर्चाचा विचार करूनच आपला भाव पाडतो. २४ महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पकालीन ठरून आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, आणि वारंवार केल्यास ते व्यवसायाचे उत्पन्न धरले जाते. इसार किंवा किमतीपोटी २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्या-देण्यास बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे.

तरीही आपण हा व्यवसाय करू नये असे मी म्हणणार नाही, कारण या शहरात नीट दुरुस्त केलेल्या घरांची खरोखर गरज आहे. पहिले घर पेठेतील दगड-मातीचे घेऊ नये. विजापूर रस्ता किंवा होटगी रस्ता या बाजूचे, १९८० नंतरचे, मंजूर नकाशा असलेले बैठे घर घ्यावे, ज्यात दोष दिसतात आणि मोजता येतात. बँका मालकी हक्काचा ३० वर्षांचा शोध अहवाल मागतात, तो आपण इसार देण्यापूर्वीच वकिलाकडून करून घ्यावा. आणि घर असे निवडावे की वर्षभर विकले न गेल्यास आपण स्वतः त्यात राहू शकाल.

प्रश्न : साखर पेठेतील आमच्या घराच्या दर्शनी खोलीत ४० वर्षांपासून भाडेकरूचे दुकान आहे. त्याच्यामुळे घराला भाव येत नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने नळ व वीज बंद केल्यास तो जाईल, असे सांगतात.

उत्तर : असे करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरूच्या अत्यावश्यक सुविधा तोडणे हा गुन्हा आहे, आणि विक्री झाली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. त्याला समोर बसवून बोलावे : एक तर त्याने योग्य मोबदला घेऊन नोंदणीकृत लेखाने जागा सोडावी, किंवा आपण भाडेकरूसह घर विकून भाव तेवढा कमी धरावा. ती खोली विकत घेणार का, हेही त्याला विचारावे. ४० वर्षे त्या जागेवर पोट भरणाऱ्या माणसाइतकी तिची किंमत दुसऱ्या कोणाला नसते.

प्रश्न : आमचे १९५० च्या सुमाराचे घर भुईकोट किल्ल्याच्या खंदकापासून पायी दोन मिनिटांवर आहे. पत्र्याचे छत काढून स्लॅब टाकावा आणि मग विकावे, असा विचार आहे. परवानगी लागेल का?

उत्तर : स्लॅबला महापालिकेची परवानगी तर लागतेच, रंग, गिलावा, फरशी अशा कामांना ती लागत नाही. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सोलापूरचा किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या सुधारणेनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र व त्यापुढील २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र ठरते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराची दुरुस्ती व नूतनीकरण मात्र सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन करता येते. पायी दोन मिनिटे हे अंतर सीमेवरचे आहे, म्हणून आधी मोजणी करून घ्यावी.

घर १०० मीटरच्या आत निघाले, तर वर शुक्रवार पेठेच्या वाचकांना दिलेला सल्ला आपल्यासाठी उलटा होतो. पाडून बांधणारे गिऱ्हाईक आपल्याकडे येणार नाही, आणि आज उभी असलेली वास्तू हीच आपली मिळकत आहे. ती पडली तर पुन्हा उभी करता येईलच असे नाही. तेव्हा स्लॅबचा विचार सोडून भिंती, पाया आणि छताची लाकडे यांवर मन लावून खर्च करावा, आणि १९९२ पूर्वीचे घर असल्याचे दाखवणारा जुना कर उतारा किंवा वीजबिल आजच शोधायला घ्यावे.